आधी दारात, मग भिंतीवर

स्टाफरूममध्ये खिल्लारे बाई असल्या की आम्हा मास्तर लोकांच्या गप्पांची फार पंचाईत व्हायची. कुणी सहज म्हणावं, "काल जवळ्याच्या बाजारात सोयाबीनला जबर भाव फुटला म्हणे," की बाई वह्या तपासता तपासता, मान वर न करता विचारायच्या, "पाहिलं का ऐकलं?" झालं, बोलणाऱ्याचं तोंड बंद. आमची मधली सुट्टी सगळी 'म्हणे'वर चालायची आणि या बाईंना नेमकं तेच चालत नसे. मी गणिताचा मास्तर. पुराव्याशिवाय काही मानू नये हे मी पोरांना फळ्यावर शिकवायचो, पण चहाच्या वेळी तो नियम कुणी माझ्यावरच चालवावा हे मला अजिबात आवडत नव्हतं. सुरुवातीला बाईंचा मला रागच यायचा.

बाई भूगोल शिकवायच्या. मूळच्या सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र शेवटच्या बाकाच्याही पलीकडं जाणारा. पायात पुरुषी सँडल असायची, कारण मातीचा धडा त्या वर्गात न शिकवता पोरांना घेऊन थेट कुणाच्या तरी शेतात जायच्या. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मॅडम म्हटलं की मला वाटतं मी तपासणीला आले," असं म्हणायच्या. त्यांच्या पिशवीत कायम भाजलेले शेंगदाणे असत. कुणी तावातावानं भांडायला आला की त्याच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवायच्या. माणूस चावत बसायचा, आणि तेवढ्या वेळात बाई आपलं म्हणणं पुरं करून मोकळ्या व्हायच्या. मीही असे बरेच शेंगदाणे खाल्ले आहेत.

आमचं गाव जवळा बाजारच्या पंचक्रोशीतलं. गावात दहावीपर्यंतचं हायस्कूल, एका संस्थेनं चालवलेलं. शाळेच्या कंपाउंडची भिंत थेट रस्त्याला लागून आहे आणि तिच्यासमोरच एसटीचा आणि जीपचा थांबा. बाजाराच्या दिवशी सगळं गाव त्या थांब्यावर ताटकळत उभं असतं. बाई शाळेत आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पहिली भरली ती ही भिंत.

"एवढी माणसं रोज या भिंतीकडं तोंड करून उभी राहतात," त्या मला म्हणाल्या, "आणि भिंतीवर काय, तर बोअरवेलची जाहिरात. इथं पोरांचं वर्तमानपत्र पाहिजे."

मी म्हणालो, "बाई, पोरांना धड अर्ज लिहिता येत नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले.

वर्तमानपत्राचं नाव त्यांनी 'दवंडी' ठेवलं. हेडसरांना ते नाव जरा जुनाट वाटलं. ते म्हणाले, 'ज्ञानदीप' वगैरे काहीतरी ठेवा. बाईंनी तेवढ्यापुरतं हसून सोडून दिलं. नावामागची गोष्ट त्यांनी मला पुढं केव्हातरी सांगितली. बाईंचे आजोबा त्यांच्या गावात दवंडी द्यायचे. गळ्यात हलगी अडकवून चौकाचौकात उभं राहायचं आणि वरून आलेला निरोप ओरडायचा, हे काम त्यांच्या घराकडं पिढ्यान् पिढ्या लावलेलं होतं. निरोप खरा का खोटा हे विचारायची सोय नव्हती. एकदा पाटलानं सांगितलं म्हणून त्यांनी एका माणसाचं नाव धान्यचोर म्हणून पुकारलं. चार दिवसांनी खरा चोर सापडला. तोवर तो माणूस तोंड लपवून घरात बसला होता. आजोबा त्याच्या दारात गेले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "पुकारायच्या आधी तुला इचारायला यायला पायजे व्हतं." त्यानंतर त्यांनी हलगी खुंटीला टांगली, ती पुन्हा हातात घेतली नाही.

"आजोबा दुसऱ्याचा निरोप ओरडायचे," बाई म्हणाल्या. "ही लेकरं स्वतःचा ओरडतील. पण आधी दारात जातील, मग भिंतीवर."

हाच 'दवंडी'चा नियम. ज्याची बातमी असेल त्याच्याकडं जायचं आणि भिंतीवर लावायच्या आधी ती त्याला तोंडावर वाचून दाखवायची. तो म्हणाला की अमुक चुकलंय, तर पडताळून दुरुस्त करायचं. त्याला आणखी काही सांगायचं असेल तर तेही लिहायचं. आणि तो म्हणाला की लावूच नका, तरी बातमी खरी असेल तर लावायची. फक्त खाली एक ओळ वाढवायची, की यांनी ही बातमी लावू नका असे सांगितले.

हेडसरांनी सुचवलं होतं की एवढा व्याप कशाला, गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर टाका. बाई म्हणाल्या, "मोबाईलवर टाकणाऱ्याला कुणाच्या दारात जावं लागत नाही, सर. म्हणून तर तिथं वाट्टेल ते चालतं."

'दवंडी'चा पहिला अंक मात्र शेळीनं खाल्ला. पोरांनी मोठ्या ड्रॉइंग पेपरवर स्केचपेननं आठवडाभर खपून अंक तयार केला, मैद्याची खळ शिजवून भिंतीला चिकटवला, आणि दुसऱ्या तासाला येऊन बघतात तर भिंतीवर फक्त वरचं नाव उरलेलं. खालचं सगळं मैद्याच्या वासानं एका शेळीनं पुरतं फस्त केलं होतं. पोरं रडकुंडीला आली. मला आतून थोडं बरं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. बाईंनी पोरांना पहिला प्रश्न विचारला, "शेळी कुणाची? जा, तिच्या मालकाला वाचून दाखवा." दुसऱ्या अंकाची पहिली बातमी ती. आणि तेव्हापासून खळीत लाल तिखट मिसळायची पद्धत पडली. अंक चिकटवणाऱ्या पोरांची बोटं दिवसभर चुरचुरायची, पण शेळ्या भिंतीकडं फिरकेनाशा झाल्या.

संपादक पोरंच निवडायची. नववीतली रेणुका हात वर करून निवडून आली. रेणुका म्हणजे शाळेच्या खो-खोची कर्णधार, बोलायला तोफ आणि अक्षर मोत्यासारखं. बाईंच्या नियमाची खरी परीक्षा तिनंच घेतली, तीही चुकून.

गावात किसनआबा नावाचे एक म्हातारे खूप आजारी होते. एका सकाळी रेणुकेच्या शेजारणीनं सांगितलं, "आबा गेले." रेणुका संपादक. तिनं तिथल्या तिथं बातमी लिहिली. आबा वारले, ते मेहनती शेतकरी होते, त्यांच्यामागं तीन मुलं आहेत, असं सगळं व्यवस्थित. आता नियम असा की बातमी घरी वाचून दाखवायची. ती कागद घेऊन आबांच्या घरी गेली, तर आबा ओट्यावरच्या बाजेवर बसून बशीतनं चहा पीत होते. रात्री त्यांची शुद्ध हरपली होती, सकाळी ती परत आली होती. शेजारणीपर्यंत फक्त अर्धीच गोष्ट पोचली होती.

रेणुका दारातच थिजली. आबांनी विचारलं, "काय गं, हातात काय घेऊन राहिलीस?"

आता दुसरं कुठलंही पोरगं कागद मागं लपवून पळालं असतं. पण बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या या पोरीला वाटलं, ज्याची बातमी तो समोर आहे, म्हणजे वाचायला हवी. तिनं आबांना आबांच्या मरणाची बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली.

आबा शांतपणे ऐकत होते. शेवटी बशी खाली ठेवून म्हणाले, "तीन लेकरं न्हाईत, चार हायेत. वसमतला दिलेली लेक हाय माझी. तिला काहून सोडलंस?"

रेणुकेनं दुरुस्त केलं.

"आन तरणा व्हतो तवा मी कुस्त्या मारल्या. ते कुठंय?"

तेही लिहिलं. आबा मग तासभर बोलत राहिले. विहीर खणताना काय झालं, बायकोशी पहिलं भांडण कशावरून झालं, पहिला ट्रॅक्टर गावात कसा आला, सगळं. रेणुका लिहीत राहिली. शाळेत येऊन तिनं बाईंना सगळं सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. मला वाटलं आता पोरीची खरडपट्टी निघणार.

"आबा गेले हे तू पाहिलं का ऐकलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"ऐकलं," रेणुका खाली मान घालून म्हणाली.

"आणि आबा जिवंत आहेत हे?"

"पाहिलं."

"मग जे पाहिलं ते लाव."

पण गंमत पुढंच होती. आबांनी निरोप पाठवला की आता एवढं लिहिलंच आहे तर सगळं लावा, मी जिवंतपणी वाचीन. बाजाराच्या दिवशी आबांना दोघांनी धरून थांब्यावर आणलं. त्यांनी भिंतीसमोर उभं राहून आपलं सगळं आयुष्य वाचून घेतलं आणि जीपमध्ये बसलेल्या अनोळखी माणसांनाही दाखवलं. पुढच्या आठवड्यापासून गावातली म्हातारी माणसं शाळेच्या फाटकाशी येऊन बसायला लागली. "माझं कवा लिवता?" असं विचारायची. एका आजीनं तर सांगितलं, "मी मेल्यावर सुना काय बाय सांगतील, त्याआधी माझ्याकडून घ्या." 'दवंडी'त नवीन सदर सुरू झालं, 'जिवंतपणी'. गावात कुणाच्याही घरी गेलं तरी त्या सदराची चर्चा निघायची. माझा बाईंवरचा राग तोवर कुठल्या कुठं गेला होता, आणि मी स्वतःहून अंकातले शुद्धलेखनाचे दोष तपासून द्यायला लागलो होतो.

हळदीचं प्रकरण झालं त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. आमच्या भागात हळद शिजवली की ती उघड्यावर पसरून खडखडीत वाळवावी लागते. त्याला सपाट, मोकळी, राखणीची जागा लागते, आणि अशी जागा गावात एकच होती, शाळेचं मैदान. संस्थेचे अध्यक्ष नाना गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार. त्यांची हळद वर्षानुवर्षं तिथंच वाळायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खेळाचा तास वाचनाचा व्हायचा, पोरांच्या वह्या पिवळ्या व्हायच्या, आणि हळद उचलली की सगळं पूर्ववत.

त्या वर्षी मात्र मुलींच्या खो-खोच्या संघाला सरावाला जागाच उरली नाही आणि कर्णधारच संपादक होती. रेणुकेनं बातमी लिहिली ती तीन वाक्यांची. शाळेच्या मैदानावर हळद वाळत आहे. त्यामुळे मुलींचा खो-खो बंद आहे. ही हळद संस्थेच्या अध्यक्षांची आहे.

बातमी वाचून स्टाफरूममध्ये सगळे बाईंकडं बघायला लागले. सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. बाई तोवर अस्थायी शिक्षक होत्या. त्यांच्या कायम होण्याची फाईल नानांच्या कपाटात होती आणि त्यावर फक्त नानांची सही व्हायची राहिली होती. मी बाईंना बाजूला घेतलं.

"एवढी सही होऊ द्या. मग काय लावायचं ते लावा."

"सर, बातमी खोटी आहे का?"

"नाही हो, पण..."

"मग ती आज लावायची का सही झाल्यावर, हे मी ठरवायला लागले तर पोरांना काय शिकवलं?" बाई म्हणाल्या. "नाना काय म्हणतात ते त्यांना विचारून येऊ द्या."

बाई रेणुकेबरोबर नानांकडं गेल्या नाहीत. त्या कधीच जात नसत. "मी मागं उभी राहिले तर बातमी माझी होते," असं त्यांचं म्हणणं. पण योगायोगानं मी तिथं होतो. नानांच्या नातवाची गणिताची शिकवणी मी रविवारी त्यांच्या ओसरीवर घ्यायचो. तर रेणुका आली, नानांना नमस्कार केला आणि म्हणाली, "नाना, तुमची बातमी हाय. वाचून दाखवू?"

नाना खूश झाले. त्यांना वाटलं 'जिवंतपणी'साठी आली. म्हणाले, "वाच की, वाच."

तिनं तीन वाक्यं वाचली. नातवानं भूमितीच्या वहीत मान घातली, मीही घातली.

"कोनी लिवायला लावलं तुला हे?" नानांचा आवाज चढला.

"मीच लिवलं, नाना. मैदान पाहून आले. ऐकलेलं न्हाई."

"पाहून आलीस ना? मग नीट पाहायचं व्हतं!" नाना बाजेवरून उठलेच. "समदी हळद माझी हाय का? निम्मी तुमच्या हेडसरची हाय. त्याचं नाव काहून न्हाई त्यात? एकटा मीच दिसलो व्हय?"

रेणुकेनं पेन काढलं. "निम्मी हेडसरची," असं मोठ्यानं म्हणत तिनं लिहून घेतलं. मी वहीत तोंड घालून हसू दाबलं. रागाच्या भरात नानांनी जे बोलून दाखवलं, ते शाळेत आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

नानांच्याही ते ध्यानात आलं. "हे लावायचं न्हाई," ते म्हणाले. "बराबर ऐकलंस ना?"

"व्हय नाना. तेबी लिवते."

"काय लिवतीस?"

"तुमी लावू नका म्हनले, ते."

आता बातमीत हेडसर आले म्हटल्यावर नियमाप्रमाणं त्यांनाही वाचून दाखवणं आलं. हेडसरांनी आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थिनीला ऑफिसात खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि बराच विचार करून म्हणाले, "असं लिही, की हेडसरांची हळद तिथे केवळ वाळत आहे." रेणुकेनं ते शब्दही जसेच्या तसे उतरवून घेतले.

बाजाराच्या दिवशी थांब्यावर जी गर्दी झाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतर वाचून दाखवत होते. 'केवळ वाळत आहे' इथं हशा, आणि 'अध्यक्षांनी ही बातमी लावू नका असे सांगितले' इथं त्याहून मोठा हशा. दोन जीपा रिकाम्या निघून गेल्या तरी माणसं हलेनात. आठवडा उलटायच्या आत मैदानावरची हळद उचलली गेली. कुणी काही मान्य केलं नाही. मुलींचा खो-खो सुरू झाला. मातीत हळद एवढी मुरली होती की खांबांच्या मधल्या ओळीत बसणाऱ्या मुलींचे गुडघे पावसाळ्यापर्यंत पिवळे दिसायचे.

त्यानंतर नानांनी बाईंना घरी बोलावलं. बाईंनी मला सोबत यायला सांगितलं. नाना वाईट माणूस नव्हते. गावात शाळा आणली ती त्यांनीच, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. पण पोरासोरांनी आपल्याला भिंतीवर चढवावं हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. समोर फाईल उघडून ठेवलेली होती.

"बाई, सही आत्ता करतो," नाना म्हणाले. "भिंतीवरलं ते कागूद बंद करा. तुमाला कसली तकलीफ देयाची माझी इच्छा न्हाई."

बाईंनी पिशवीत हात घातला आणि नानांच्या पुढं शेंगदाणे धरले. नानांनी नकळत घेतलेही.

"नाना, मी चांगलं शिकवत असेन तर सही करा," बाई म्हणाल्या. "भिंत मोकळी केली म्हणून सही नको. तसल्या सहीची नोकरी मला करता यायची नाही."

"मग संस्थेच्या दुसऱ्या शाखेवर जावं लागंल. लांब हाय, तिकडं सेनगावाकडं."

"माझ्या माहेराकडंच पाठवताय म्हणा की. जाते. पण नाना, माझी बदली ही बातमी आहे. पोरं विचारायला येतील."

नाना मनापासून हसले. "कोन येईल? तुमी तर नसाल. बाई, ते कागूद तुमच्यामुळं हाय. तुमी गेल्या की आपोआप पडंल."

परत येताना बाई माझ्या चार पावलं पुढं चालत होत्या. मला नानांचं पटलं होतं. पोरं दहावी होऊन जातात. त्यांना मागं उभं राहणारं माणूस लागतं. शाळेत असे उपक्रम मी पुष्कळ पाहिले होते, ज्या मास्तरनं सुरू केले त्याच्याबरोबर संपलेले. फाटकापाशी आल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "सर, नोकरीचं काही वाटत नाही. भूगोल कुठंही शिकवता येतो. पण नाना म्हणतात तसं झालं, तर मी पोरांना काहीच शिकवलं नाही असा त्याचा अर्थ होईल." त्यांच्या आवाजात भीती मी तेवढी एकदाच ऐकली.

बदलीचा आदेश आला. निरोपसमारंभ हेडसरांनी ठेवला नाही, आणि आम्हीही गळा काढून बसलो नाही. बाईंनी शेवटचा तास नेहमीसारखा घेतला, नद्यांचा. मग पिशवी उचलून त्या थांब्यावर आल्या. मी त्यांची ट्रंक घेऊन मागं होतो. समोर भिंतीवर मागच्या आठवड्याचा अंक फाटून लोंबत होता. नवीन अंकाचा दिवस तोच होता, आणि भिंतीपाशी कुणी नव्हतं. बाईंनी एकदा तिकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं.

एसटी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. तेवढ्यात रेणुका पळत आली. धापा टाकत होती, हातात गुंडाळलेला कागद होता, मागं आठवीतल्या दोन पोरी खळीचा डबा धरून.

"बाई, थांबा. उशीर झाला, नानांकडं बसावं लागलं. तुमची बातमी हाय. वाचून दाखवू?"

रेणुकेनं वाचायला सुरुवात केली. सदर होतं 'जिवंतपणी'. "आमच्या लाडक्या खिल्लारे बाई..."

"'लाडक्या' कुणाला विचारून लिहिलं?" बाईंचा आवाज लगेच मास्तरणीचा झाला.

"समद्या वर्गांना इचारलं. हात वर करून. मोजून घेतले."

रेणुका पुढं वाचत गेली. पुसेगावचं घर, आजोबा, त्यांची खुंटीला टांगलेली हलगी. रेणुका काकाच्या मोटारसायकलवर बसून पुसेगावला जाऊन बाईंच्या आईला भेटून आली होती, ती हलगी हातात धरून पाहून आली होती. मग शेवटचा भाग. दवंडी बंद केली असती तर बाईंची नोकरी कायम होणार होती. बाईंनी नाही म्हटले. बदलीचे कारण विचारले असता अध्यक्ष म्हणाले, "लिवा, काय लिवायचं ते. व्हय, मी म्हनलो व्हतो तसं."

बाईंनी माझ्याकडं वळून पाहिलं. नानांच्या ओसरीवरचं बोलणं रेणुकेला सांगणारा दुसरा कोण असणार? मी म्हणालो, "पाहिलं होतं, बाई. ऐकलेलं नव्हतं."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी रेणुकेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सगळं खरं आहे. पण हे लावू नका. माझं कौतुक भिंतीवर नको. ऐकशील ना?"

"व्हय बाई," रेणुका म्हणाली आणि कागदाची गुंडाळी केली.

बाई एसटीत चढल्या, खिडकीपाशी बसल्या. मी ट्रंक वर ठेवून खाली उतरलो. ड्रायव्हरनं चहा संपवला, गाडी सुरू केली. तेवढ्या वेळात तिन्ही पोरींनी जुना अंक ओढून काढला होता, भिंतीला खळ फासली होती आणि नवीन कागद ताणून बसवला होता. रेणुकेनं खिशातून स्केचपेन काढलं आणि भिंतीवरच, उभ्या उभ्या, तळाशी एक ओळ वाढवली.

बाई खिडकीतून वाचत होत्या. ओठ हलत होते. तळाशी आल्यावर थांबल्या आणि एवढ्या मोठ्यानं हसल्या की पुढच्या सीटवरची माणसं वळून पाहायला लागली. शाई अजून ओली होती. अक्षर मोत्यासारखं होतं. खिल्लारे बाईंनी ही बातमी लावू नका असे सांगितले.

गाडी हलली. बाईंनी डोळे पुसत खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शेवटच्या बाकापलीकडं जाणाऱ्या त्या आवाजात ओरडल्या, "रेणुका! खळीत तिखट घातलं का गं?"

"घातलं, बाई!" तिन्ही पोरी एका सुरात ओरडल्या आणि चुरचुरणारे हात वर करून दाखवत राहिल्या.